नऊ तुकडे

थॉर्ली, तुमचं पाकीट शुक्रवारी मिळालं.
त्याला धुरी दिलेल्या हॅडॉकचा वास होता,
म्हणजे तुम्ही अजून त्या स्मोकहाऊसच्या वरच राहता
आणि खिडकी अजून नीट लागत नाही.

नऊ तुकडे. सगळ्यात मोठा दोन मिनिटांचा,
सगळ्यात लहान, मी घड्याळ लावलं, एकोणीस सेकंद.
आमच्याकडे ताटाच्या डाव्या बाजूला वाढतात
तेवढंसं : बोटभर चटणी, लिंबाची फोड.
पण तुम्ही उजवीकडे काही वाढलंच नाहीत.

घरात पियानो नाही, तुम्हाला ठाऊक आहे.
मंगळवारी बालवाडी सुटली की
मिसेस ब्लँचर्ड मला मेथॉडिस्ट हॉलची किल्ली देतात.
स्टुलावर बिस्किटाचा चुरा,
गोदीकडून येणारा वारा दाराखालून आत.
पहिले दोन मी कोट न काढताच वाजवले.
(दुसऱ्यानंतर काढला. याला दाद समजा.)

तिसरा तुम्ही केव्हातरी ऑर्गनसाठी लिहिला होता.
उंच पाहुण्याला सोफ्यावर झोपवावं
तसे त्याचे पाय बाहेर येतात.

चौथ्यात डाव्या हाताला तुमची सूचना :
चार पट्ट्या दाबून धर, आवाज होऊ देऊ नकोस.
मग उजवा हात वर एकच टोला देतो, उचलतो,
आणि कुणीच न छेडलेल्या तारा बोलायला लागतात.
मी उठून हॉलचं दार लावून आले. पुन्हा वाजवला.
मिरजेत इलाहीसाहेब तंबोऱ्याच्या घोडीवर
तारेखाली सुताचा धागा सरकवायचे, केसभर पुढे,
केसभर मागे, आणि माझा हात दूर सारून म्हणायचे,
थांब पोरी, तिला आपणहून बोलू दे.
मी नऊ वर्षांची, वडिलांना बसची घाई.
तुम्ही मिरज नकाशावरही पाहिली नसेल.
मग हा धागा तुम्हाला कुठे मिळाला?

पाचव्याबद्दल खरं सांगते.
मधल्या सीच्या वरचा एफ या पियानोत मेला आहे.
पट्टी खाली जाते, लाकडाचा ठक येतो, बस.
आणि तुम्ही सोळा वेळा त्याच स्वरावर येता.
सोळा वेळा ठक.
अंधारात जिना उतरताना
अजून एक पायरी आहे असं समजून टाकलेलं पाऊल.
म्हणजे तुमचा पाचवा तुकडा मी ऐकलेलाच नाही.
जो ऐकला, तो मला या सगळ्यांत जास्त आवडला.
रागावू नका.

सहावा हुशार आहे. रागवायचं असेल तर इथे रागवा.
उलटा वाचला तरी तोच येतो, हे मला
कागदावर कळलं. कानाला नाही कळलं.
उलटं कोण ऐकतं हो?

सातवा, आठवा : हो. हो.

नवव्याचा शेवटचा कॉर्ड काढून टाका, असं लिहिणार होते.
सम येऊन गेली होती.
आमच्या बायका उंबऱ्यात चपला घालून
अर्धा तास निरोप घेतात, तसं झालं ते.
मग किल्ली परत द्यायला गेले, तर मिसेस ब्लँचर्ड
चहाची किटली धूत म्हणाल्या, अगं, भिंतीतून
शेवटी ते खोल काहीतरी आलं, ते काय होतं?
त्यांना तेवढंच ऐकू आलं होतं.
तेव्हा राहू द्या. किंवा काढा. मला ठरवता येईना.

हे आधी मराठीत लिहिते आहे, वहीच्या मागच्या पानावर.
इंग्रजीत उतरवीन तेव्हा
सगळं अहोजाहो गळून जाईल, इलाहीसाहेबही बहुधा.
उरेल : थँक यू, चौथा फार सुंदर.

सोबत माझे अकरा बार. उत्तर म्हणा, पोच म्हणा.
त्यात तो एफ एकदाच येतो, नवव्या बारमध्ये,
डाव्या हाताला, हळू.
मी तो ठक म्हणूनच लिहिला आहे.
तुमच्याकडे वाजेल.
कसा वाटतो ते कळवा.